शस्त्रक्रियागृहातील उक्ती आणि तिचे मोजमाप

१

शस्त्रक्रिया ही एका हाताने पार पडणारी गोष्ट नव्हे, हे शस्त्रक्रियागृहात वावरणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असते. शल्यचिकित्सक, त्याचा साहाय्यक, भूलतज्ज्ञ, हत्यारे हातात देणारी परिचारिका, बाहेरून सामग्री पुरविणारी दुसरी परिचारिका, तंत्रज्ञ आणि वॉर्डबॉय अशी माणसे एका बेशुद्ध देहाभोवती काही तास एकत्र येतात. त्यांच्या कौशल्याचा जो भाग सुरी, सुई, नळी व औषध यांच्या वापरात प्रकट होतो, त्याची परीक्षा वैद्यकशास्त्र फार पूर्वीपासून घेत आले आहे. परंतु जो भाग पाहणे, ओळखणे, ठरविणे, सांगणे आणि ऐकणे यांत प्रकट होतो, तो दीर्घकाळ स्वभावाचा अथवा अनुभवाचा विषय मानला गेला. त्याची स्वतंत्र परीक्षा संभवते, हा विचार वैद्यकात रूढ झाला तो अलीकडच्या काही दशकांतच. कौशल्याच्या या दुसऱ्या भागास ‘तंत्रेतर कौशल्ये’ असे म्हणता येईल.

या कौशल्यांच्या मोजमापाची साधने मुख्यतः मानसशास्त्रज्ञ आणि वैद्यक यांनी मिळून घडविली. भाषाशास्त्राने त्यांत लक्ष घालण्याचे कारण काय, असा प्रश्न उपस्थित होणे साहजिक आहे. त्याचे उत्तर साधनांच्या स्वरूपातच आहे. भूलतज्ज्ञाच्या मनात परिस्थितीचे भान आहे किंवा नाही, हे परीक्षकास दिसत नाही. त्याने काय म्हटले, कोणास म्हटले आणि कोणाचे ऐकले, एवढेच त्यास कळते. निर्णय मनात होतो, पण परीक्षकापर्यंत तो बहुधा वाक्याच्या रूपानेच पोहोचतो. म्हणजे तंत्रेतर कौशल्यांचे गुणपत्रक हे बव्हंशी बोलण्याचे गुणपत्रक होय. मग बोलणे म्हणजे काय, यासंबंधी या साधनांनी कोणती कल्पना गृहीत धरली आहे, हे तपासणे अगत्याचे ठरते.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे की, ही साधने बोलणाऱ्या व्यक्तीस अथवा तिच्या गटास गुण देतात. परंतु जे मोजावयाचे आहे ते उक्ती व प्रत्युक्ती यांच्या जोडीत असते. हा भेद केवळ तात्त्विक नाही. रुग्णाच्या जिवाशी त्याचा संबंध कसा पोहोचतो, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

२

या साधनांचे मूळ विमानवाहतुकीत आहे. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफ बेटावरील धावपट्टीवर दोन मोठी विमाने एकमेकांवर आदळून ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. विमानांची यंत्रे बिघडलेली नव्हती. दाट धुके, एकाच वेळी झालेले बिनतारी संदेश आणि संदिग्ध शब्दयोजना यांमुळे एका वैमानिकाचा असा समज झाला की धावपट्टी मोकळी आहे. त्याच्या मागे बसलेल्या विमान-अभियंत्यास शंका आली होती व ती त्याने बोलूनही दाखविली; मात्र ती प्रश्नाच्या रूपात. दुसरे विमान बाजूस झालेले नाही काय, असे त्याने विचारले. प्रमुख वैमानिकाने ठासून होकार दिला आणि विमान पुढे गेले. अशा अपघातांच्या अभ्यासातून वैमानिकांच्या परस्परव्यवहाराचे शिक्षण सुरू झाले आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात वैमानिकांच्या तंत्रेतर कौशल्यांचे ‘नोटेक्स’ हे गुणपत्रक तयार झाले. सहकार्य, नेतृत्व, परिस्थितीचे भान आणि निर्णय हे त्याचे चार वर्ग होत.

हीच पद्धती स्कॉटलंडमधील ॲबर्डीन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी भूलतज्ज्ञांच्या साहाय्याने वैद्यकात आणली. भूलतज्ज्ञांसाठी तयार केलेले ‘अँट्स’ हे साधन २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात कार्यव्यवस्था, संघकार्य, परिस्थितीचे भान व निर्णय असे चार वर्ग असून त्यांखाली १५ घटक आहेत. त्यानंतर २००६ मध्ये शल्यचिकित्सकांसाठी ‘नॉट्स’ हे साधन पुढे आले. त्याचे वर्ग चार व घटक १२. हत्यारे देणाऱ्या परिचारिकांसाठी ‘स्प्लिंट्स’ हे तिसरे साधन त्याच परंपरेत झाले. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये घडलेल्या ‘ओटास’ या साधनाने निराळा मार्ग धरला. एकेका व्यक्तीऐवजी शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ आणि परिचारिका असे तीन उपगट त्याने मानले आणि शस्त्रक्रियेपूर्वी, शस्त्रक्रियेच्या वेळी व तिच्यानंतर अशा तीन टप्प्यांत प्रत्येक उपगटाच्या पाच प्रकारच्या वर्तनास ० ते ६ असे गुण देण्याची योजना केली. एका शस्त्रक्रियेचे ४५ अंक या रीतीने हाती येतात.

३

या साधनांचे गुण प्रथम नमूद करणे न्याय्य होईल. पहिला गुण असा की, ज्यास पूर्वी ‘तो जरा तापट आहे’ किंवा ‘तिला अंदाज चांगला आहे’ अशा ढोबळ शब्दांनी संबोधले जाई, त्याचे या साधनांनी पृथक्करण केले. नॉट्समध्ये ‘संवाद व संघकार्य’ या वर्गात माहितीची देवाणघेवाण, सर्वांची समान समजूत घडविणे आणि संघाच्या कामाचा मेळ घालणे असे तीन घटक वेगळे काढले आहेत. स्वभावाचा दोष सुधारता येत नाही, पण माहिती वेळेवर न सांगण्याची सवय सुधारता येते. म्हणून या पृथक्करणाने शिक्षणाचा मार्ग मोकळा केला. दुसरा गुण असा की, प्रत्येक घटकाखाली चांगल्या व वाईट वर्तनाची उदाहरणे दिली असल्याने परीक्षकाच्या लहरीस काहीसा आळा बसतो. तिसरा गुण संयमाचा. अँट्स व नॉट्स यांत १ पासून ४ पर्यंत एवढीच श्रेणी असून, जे वर्तन दिसलेच नाही त्यास गुण न देता तशी नोंद करण्याची मुभा ठेवली आहे. तसेच ही साधने मुख्यत्वे शिकणाऱ्यास अभिप्राय देण्यासाठी आहेत, ही त्यांच्या कर्त्यांची भूमिकाही ध्यानात घ्यावयास हवी.

ही साधने विश्वसनीय आहेत काय, याचाही शोध त्यांच्या कर्त्यांनी घेतला. अँट्सच्या परीक्षणात ५० अनुभवी भूलतज्ज्ञांना आठ चित्रफिती दाखवून त्यांच्या गुणदानात कितपत एकमत होते हे तपासण्यात आले. असे परीक्षण आवश्यक होते, यात शंका नाही. तथापि एकाच व्यवसायातील, एकाच वैद्यकीय परंपरेत वाढलेल्या परीक्षकांचे एकमत झाले, तर त्यावरून त्या समाजाच्या बोलण्याविषयीच्या अपेक्षा समान आहेत एवढेच सिद्ध होते. ते बोलणे आपले काम करते काय, हा प्रश्न त्याने सुटत नाही. पुढील आक्षेप याच प्रश्नातून उद्भवतात.

४

पहिला आक्षेप मोजमापाच्या एककासंबंधी आहे. २००५ मध्ये इंग्लंडमध्ये घडलेले एक प्रकरण या क्षेत्रात सर्वश्रुत आहे. नाकाच्या पोकळीवरील एका नियोजित, साध्या शस्त्रक्रियेसाठी भूल दिल्यानंतर रुग्ण स्त्रीचा श्वासमार्ग खुला ठेवता येईना. अनुभवी डॉक्टर तोंडावाटे नळी घालण्याचा प्रयत्न पुनःपुन्हा करीत राहिले आणि दीर्घकाळ तिला पुरेसा प्राणवायू मिळाला नाही. अशा प्रसंगी गळ्यातून छेद देऊन श्वासमार्ग करणे हा उपाय असतो. एका परिचारिकेने त्यासाठी लागणारी सामग्री आणली व ती तयार असल्याचे डॉक्टरांस सांगितले. दुसरीने अतिदक्षता विभागात खाट राखून ठेवली व तसे कळविले. परंतु डॉक्टरांच्या मुद्रेवरून आपण अतिरेक करीत आहोत असे वाटून तिने ती व्यवस्था रद्द केली. रुग्ण तेरा दिवसांनी दगावली. तिचे पती मार्टिन ब्रोमिली हे व्यवसायाने वैमानिक. दोषारोपापेक्षा या घटनेपासून बोध घेतला जावा असा आग्रह त्यांनी धरला आणि २००७ मध्ये वैद्यकातील मानवी घटकांचा विचार करणारा एक गट इंग्लंडमध्ये स्थापन केला.

या प्रसंगास उपर्युक्त साधने लावून पाहावीत. पहिल्या परिचारिकेस ‘माहितीची देवाणघेवाण’ या घटकाखाली किती गुण द्यावयाचे? तिने माहिती दिली, वेळेवर दिली आणि ती अचूक होती. तिच्या वाक्याचा वाच्यार्थ ‘सामग्री तयार आहे’ एवढाच होता. त्याचा व्यंग्यार्थ ‘आता गळ्यातून मार्ग करावा’ असा होता. वाच्यार्थ पोहोचला की नाही हे सांगता येत नाही; व्यंग्यार्थ निश्चितच पोहोचला नाही. इंग्रज तत्त्वज्ञ ऑस्टिन याच्या ‘हाऊ टू डू थिंग्ज विथ वर्ड्‌स’ या १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अशी मांडणी आहे की, बोलणे ही एक कृती असून ऐकणाऱ्याने ती त्या रूपात ग्रहण केल्याशिवाय ती पुरी होत नाही. सूचना कोणी सूचना म्हणून घेतलीच नाही, तर ती सूचना घडलीच नाही. या दृष्टीने पाहता परिचारिकेस तीन गुण आणि डॉक्टरास एक गुण असे दोन अंक वेगवेगळ्या कागदांवर लिहिल्याने घटनेचे वर्णन होत नाही. जे तुटले ते त्या दोघांच्या मधल्या जागेत तुटले, आणि त्या जागेसाठी गुणपत्रकात रकाना नाही.

ओटासने व्यक्तीऐवजी उपगट घेतला, त्यामुळे हा दोष दूर झाला असे वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः तो एक पायरी वर सरकला इतकेच. परिचारिकांच्या उपगटास संवादाचा एक अंक व भूलतज्ज्ञांच्या उपगटास दुसरा अंक मिळेल. निरोप मात्र एका उपगटाकडून दुसऱ्याकडे जाताना हरवला, हे त्या ४५ अंकांपैकी एकाही अंकावरून वाचता येणार नाही.

या बाबतीत कॅनडातील वक्तृत्वशास्त्राच्या अभ्यासक लॉरेली लिंगार्ड व त्यांचे सहकारी यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेले संशोधन अधिक मार्गदर्शक आहे. त्यांनी ४८ शस्त्रक्रियांचे निरीक्षण करून संवादाच्या ४२१ घटना नोंदविल्या. गुणांकन व्यक्तीचे न करता घटनेचे केल्याने त्यांस असे दिसून आले की १२९ घटनांत, म्हणजे सुमारे ३० टक्क्यांत, संवाद फसला होता. फसण्याचे प्रकार चार: वेळ चुकणे, आशय अपुरा अथवा चुकीचा असणे, हेतू साध्य न होणे आणि ज्यास सांगावयाचे तो श्रोताच जागेवर नसणे. वेळ चुकण्याचे प्रमाण सर्वाधिक होते. फसलेल्या घटनांपैकी एक-तृतीयांशाहून अधिक घटनांचा कामावर दृश्य परिणाम झाला. कोठे खोळंबा, कोठे ताण, कोठे पद्धतीचा भंग.

भारतीय साहित्यशास्त्राच्या वाचकास हे वर्गीकरण परके वाटणार नाही. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त आर्थी व्यंजनेची जी कारणे मोजली आहेत, त्यांत बोलणारा, ज्यास उद्देशून बोलले जाते तो, आवाजाची ढब, प्रसंग, देश व काल यांचा समावेश आहे, इतकेच नव्हे तर तिसऱ्याची जवळीक हेही कारण त्यांत दिले आहे. सूर्यास्त झाल्याचे सांगणारे एकच वाक्य निरनिराळ्या श्रोत्यांस निरनिराळ्या कामास कसे लावते, याचे विवेचन त्याच परंपरेत आहे. काव्यात जी अनेकार्थता शोभा ठरते, ती शस्त्रक्रियागृहात धोका ठरते. परंतु दोन्ही ठिकाणी अर्थ ठरविणारी कारणे तीच. तिसऱ्याची जवळीक तर येथे विशेष महत्त्वाची. साहाय्यकाने शल्यचिकित्सकास एकांतात जे सहज सांगितले असते, ते सहा माणसांसमोर सांगताना त्याचे रूप पालटते.

५

दुसरा आक्षेप बोलण्याच्या रूपासंबंधी आहे. कनिष्ठाने वरिष्ठाशी बोलताना वाक्याची धार बोथट करणे, या प्रवृत्तीस ‘सौम्यीकरण’ म्हणता येईल. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ शार्लट लिंडे यांनी वैमानिकांच्या ध्वनिमुद्रित संभाषणांचा अभ्यास करून १९८८ मध्ये असे दाखविले की, वरिष्ठास उद्देशून केलेली विधाने अधिक सौम्य असतात आणि ज्या सूचना मान्य होत नाहीत त्या मान्य झालेल्या सूचनांहून अधिक सौम्य असतात. टेनेरीफच्या अभियंत्याचा प्रश्न हे याचे ठळक उदाहरण होय.

गुणपत्रकांचे कर्ते या प्रवृत्तीविषयी अनभिज्ञ नाहीत. अँट्समध्ये आपले म्हणणे आवश्यक तितक्या ठामपणाने मांडणे, हे चांगल्या वर्तनाचे लक्षण म्हणून दिले आहे. पण ‘आवश्यक तितका’ ठामपणा कोणत्या भाषिक रूपाने सिद्ध होतो, हे प्रत्येक भाषासमाजात निराळे असते. मराठी शस्त्रक्रियागृहातील पुढील तीन वाक्ये उदाहरणादाखल घ्यावीत. रुग्णाच्या रक्तातील प्राणवायूचे प्रमाण उतरत असून परिचारिका किंवा कनिष्ठ डॉक्टर बोलत आहे, असे कल्पावे.

‘सर, सॅच्युरेशन जरा कमी दिसतंय.’
‘सर, सॅच्युरेशन बघता का?’
‘सर, थांबा, सॅच्युरेशन ८० वर आलंय.’

पहिल्या वाक्यात ‘जरा’ने प्रमाण कमी केले आहे आणि ‘दिसतंय’ने निश्चित ज्ञानास भासाचे रूप दिले आहे. दुसऱ्यात माहिती मुळी नाहीच. ती श्रोत्याने स्वतः मिळवावी अशी प्रश्नार्थक विनंती आहे. तिसऱ्यात आकडा आहे आणि आज्ञार्थही आहे. येथे मराठीची एक सोय ध्यानात येते. ‘थांबा’ हे आदरार्थी बहुवचन असल्याने व्याकरणदृष्ट्या आदर राखूनच आज्ञा करता येते. इंग्रजीत ही सोय क्रियापदात नाही. असे असूनही वरिष्ठास आज्ञार्थी ‘थांबा’ म्हणणे कनिष्ठास जड जाते आणि तो ‘आपण थांबावं का?’ या रूपाकडे वळतो. या वाक्यातील ‘आपण’ द्वितीय पुरुषी आदरवाचक आहे की ऐकणाऱ्यास सामावून घेणारा प्रथम पुरुषी आहे, हे ‘थांबावं’ या विध्यर्थी रूपावरून ठरत नाही. थांबण्याची जबाबदारी कोणाची, हेच त्या वाक्यात विरघळून जाते. शिष्टाचार म्हणून हे रूप सुंदर आहे. इशारा म्हणून दुबळे आहे.

भाषांतराने हा प्रश्न सुटत नाही, उलट नवे प्रश्न उभे राहतात. अमेरिकेत २००६ पासून प्रसृत झालेल्या ‘टीमस्टेप्स’ या शिक्षणक्रमात कनिष्ठाने आपला इशारा चढत्या क्रमाने कसा द्यावा, याची तीन पायऱ्यांची एक शिडी शिकविली जाते: प्रथम आपणांस काळजी वाटते असे सांगावे, मग आपण अस्वस्थ आहोत असे सांगावे, आणि शेवटी हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे असे सांगावे. यातील पहिली पायरी मराठीत आणली तर ‘मला काळजी वाटते’ असे वाक्य होते. मराठीत अनुभव घेणारा चतुर्थीत जातो; काळजी ही कर्त्याची कृती न राहता त्याच्यावर येणारी अवस्था ठरते. अशा वाक्याचे रूढ प्रत्युत्तर ‘काळजी करू नका’ हे आहे. म्हणजे जे वाक्य इंग्रजीत कामास थांबविण्यासाठी योजले, ते मराठीत बोलणाऱ्याचे सांत्वन घडवून आणण्याचा संभव अधिक. तिसऱ्या पायरीचे भाषांतर वर्तमानपत्री वाटते. घाईच्या क्षणी ते कोणाच्या तोंडी येणे कठीण. मराठीत शिडी हवी असेल तर ती मराठी क्रियापदांतून उभारावी लागेल: प्रथम आकड्यासह विधान, मग आदरार्थी आज्ञार्थ, मग नाव वा पद घेऊन त्याच आज्ञार्थाची पुनरुक्ती.

संबोधनांचाही विचार येथे करावयास हवा. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये प्रसृत केलेल्या सुरक्षा-तालिकेत छेद घेण्यापूर्वी सर्वांनी आपले नाव व काम सांगावे, अशी एक बाब आहे. महाराष्ट्रातील रुग्णालयांत ‘सर’, ‘मॅडम’, ‘सिस्टर’, ‘मावशी’, ‘मामा’ ही संबोधने रूढ आहेत. त्यांत पद आहे, नाते आहे, नाव मात्र नाही. नात्याच्या संबोधनात जिव्हाळा असला तरी ‘मावशी’ने ‘सरां’स थांबविणे त्या नात्यात बसत नाही. म्हणून नाव सांगण्याच्या त्या बाबीचे मोल ओळख करून देण्यापुरते नाही. प्रत्येकाने कामाच्या आरंभी एकदा सर्वांसमोर तोंड उघडावे, हे तिचे खरे मोल होय.

या तालिकेचा इतिहासही प्रस्तुत मुद्द्यास पोषक आहे. नवी दिल्लीसह जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर व गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात १०१ रुग्णालयांत ती लागू झाल्यावर मृत्यूच्या प्रमाणात लक्षणीय घट आढळली नाही, असा निष्कर्ष २०१४ मध्ये निघाला. या तफावतीची कारणे अनेक संभवतात आणि त्यांवर वाद झाला आहे. तथापि त्यांतील एक कारण भाषाशास्त्रास परिचित आहे. तालिका वाचली जाते, पण ती कोणास उद्देशून बोलली जात नाही. उच्चार होतो आणि उक्ती होत नाही. रकाना मात्र दोन्ही वेळी सारखाच भरला जातो.

६

तिसरा आक्षेप मौनासंबंधी आहे. अनुभवी परिचारिका शल्यचिकित्सकाच्या हाताकडे पाहून पुढचे हत्यार मागण्यापूर्वीच त्याच्या तळहातावर ठेवते. एक शब्दही बोलला जात नाही आणि संघकार्य उत्तम झालेले असते. दुसऱ्या एखाद्या शस्त्रक्रियागृहात तितकीच शांतता असते. पण तेथे शल्यचिकित्सकाच्या रागाच्या भयाने कोणी बोलत नाही. गुणपत्रक हाती घेतलेल्या परीक्षकास दोन्ही ठिकाणी दिसते ते एकच: बोलण्याचा अभाव. ‘दिसले नाही’ अशी नोंद केली तर दोन्ही मौने सारखी ठरतात. कमी गुण दिले तर पहिल्या संघावर अन्याय होतो.

या अडचणीतून मार्ग व्याकरणात सापडतो. पाणिनीच्या व्याकरणात ‘लोप’ म्हणजे नुसता अभाव नव्हे. जे यावयास हवे होते त्याचे न दिसणे म्हणजे लोप. जेथे काही अपेक्षितच नाही तेथे लोपही नाही. मौनाचे मूल्यमापन याच न्यायाने व्हावयास हवे. शस्त्रक्रियेत बोलणे अपरिहार्य असलेली स्थाने कोणती, हे आधी निश्चित केले पाहिजे: भूल देण्यापूर्वी, छेदापूर्वी, ठरलेला बेत बदलताना, रक्तस्राव अपेक्षेबाहेर गेल्यास, नाडी वा प्राणवायू घसरल्यास, टाके घालण्यापूर्वी कापसाच्या घड्यांची मोजदाद करताना आणि रुग्ण दुसऱ्याच्या स्वाधीन करताना. या स्थानी मौन असेल तर तो लोप होय व तो नोंदला गेला पाहिजे. अन्यत्र मौन असेल तर त्यास गुण किंवा दोष चिकटविण्याचे कारण नाही. विद्यमान साधने वर्तनाचे प्रकार सांगतात, स्थाने सांगत नाहीत. त्यामुळे बडबड्या संघास अधिक गुण मिळण्याची भीती राहते.

७

या आक्षेपांवर पूर्वपक्ष असा मांडता येईल. ही साधने भाषाशास्त्रज्ञांसाठी नाहीत. कामात गुंतलेल्या वैद्यकासाठी आहेत. ती एका कागदावर मावली पाहिजेत आणि थोड्या शिक्षणाने वापरता आली पाहिजेत. शिवाय पदवी आणि परवाना व्यक्तीस मिळतो, संवादास मिळत नाही. म्हणून गुणही व्यक्तीसच द्यावे लागतात. यातील पहिला मुद्दा ग्राह्य आहे. परंतु उक्तीच्या नोंदीस फार मोठा कागद लागत नाही. ठरविलेल्या प्रत्येक स्थानी तीनच गोष्टी नोंदावयाच्या: योग्य व्यक्तीस उद्देशून सांगितले गेले काय, श्रोत्याने ते ग्रहण केल्याची खूण दिली काय, आणि त्यातून काही कृती किंवा सकारण नकार निघाला काय. चढत्या श्रेणीच्या अंकापेक्षा या तीन प्रश्नांची उत्तरे अधिक निःसंदिग्ध असतात आणि अभिप्राय देतानाही ती अधिक उपयोगी पडतात. ‘तुमचा संवाद दोन गुणांचा आहे’ असे ऐकून कोणी फारसे शिकत नाही; ‘सिस्टरांनी दोनदा सांगितले, तुम्ही एकदाही उत्तर दिले नाही’ असे ऐकून शिकतो.

दुसऱ्या मुद्द्यास उत्तर असे की, व्यक्तीस परवाना मिळत असला तरी संवाद तुटल्याची किंमत रुग्ण भरतो. व्यक्तीस गुण द्यावयाचेच असतील तर ते बोलण्याबरोबर ऐकण्यासही द्यावेत, आणि अधिकार जितका मोठा तितका ऐकण्याचा भार मोठा धरावा. ब्रोमिली प्रकरणात परिचारिकांना ठामपणाचे शिक्षण हवे होते, हे म्हणणे खोटे नाही. पण एवढ्यावरच थांबल्यास ज्यांच्या हाती अधिकार नव्हता त्यांच्याच माथी उणीव मारली जाते. सौम्य वाक्यातील इशारा ओळखणे हे वरिष्ठाचे कौशल्य आहे आणि ते शिकविता येण्याजोगे आहे.

भारतात २०१९ पासून वैद्यकीय पदवी अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांच्या शिक्षणाचा स्वतंत्र भाग समाविष्ट झाला आहे. संवादाचे शिक्षण आले की त्याच्या परीक्षेचा प्रश्न येतोच, आणि त्या वेळी परदेशी गुणपत्रकाचे शब्दशः भाषांतर करण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तो टाळावयाचा असेल तर महाराष्ट्रातील शस्त्रक्रियागृहांत प्रत्यक्ष काय बोलले जाते, याचा संग्रह होणे आवश्यक आहे. इंग्रजी संज्ञा व मराठी क्रियापदे यांची सरमिसळ, ‘जरा’, ‘ना’, ‘का’ यांसारखे अव्ययांचे प्रयोग, संबोधने, आज्ञार्थ व विध्यर्थ यांची निवड, आणि या प्रत्येकास मिळालेले प्रत्युत्तर, ही त्या संग्रहाची सामग्री होय. रुग्णाची गुप्तता व संघाची संमती राखून असे काम करणे अवघड असले तरी अशक्य नाही. वैद्यकशाखा आणि भाषाशाखा यांनी ते मिळून हाती घेतल्यास कोणत्या रूपातील इशारा ऐकला जातो आणि कोणता हवेत विरतो, हे अनुमानाने नव्हे तर पुराव्याने सांगता येईल. मराठीतील गुणपत्रकाची रचना त्यानंतर करावी.